थपडेनंतरचा प्रवेश

"श्रीरंग, थप्पड बसत नाही अजून," मुजावर सर खुर्चीतूनच म्हणाले. "परत घ्या. 'कुणाला विचारून गेलीस' पासून."

रविवारची सकाळ होती. सूतगिरणीच्या वसाहतीत कामगार कल्याण केंद्राचा लांबडा हॉल होता, तिथं आमच्या तालमी चालायच्या. साल चौऱ्याऐंशी. मी चोवीस वर्षांचा, गिरणीत जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आणि नाटकात नायक. मुजावर सर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. नाटक त्यांनीच लिहिलेलं, बसवणारेही तेच. महिन्याभरानं सांगलीला कामगार नाट्यस्पर्धेची फेरी होती आणि दुसऱ्या अंकाचा शेवट काही केल्या जमत नव्हता.

त्या शेवटात नायकाची बायको त्याला न विचारता आजारी बापाला बघायला माहेरी जाऊन येते. नायक तिच्या थोबाडीत मारतो. ती त्याचे पाय धरते आणि म्हणते, "मारा, पण पायाशी ठेवा." त्यावर पडदा. "इथं टाळी ठेवलेली आहे," सर सांगायचे. "आजवर एकाही पिक्चरात ही टाळी चुकलेली नाही."

ते खोटं नव्हतं. गावातल्या दोन्ही टॉकीजमध्ये मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जाणारा. मध्यंतराच्या आत नायक नायिकेला एक तरी लगावायचा, आणि मध्यंतरानंतर तीच त्याच्यासाठी गाणं म्हणायची. प्रेम म्हणजे काय हे आम्ही पोरं तिथंच शिकलो.

पण माझी थप्पड हसू आणत होती. मी हात फिरवायचा, बायको झालेल्या रोहिणी माळगेनं मान झटकायची आणि विंगेतून हणमंतानं टाळी वाजवायची, अशी योजना. हणमंताची टाळी दर वेळी उशिरा यायची. रोहिणी खाली पडलेली असायची आणि मग आवाज.

"टाळीचा दोष न्हाई सर," हणमंता विंगेतनं बाहेर येत म्हणाला. "ह्याच्या हातातच जीव न्हाई. येणार कुठनं? ह्याच्या घरात आप्पा धुणं वाळत घालत्यात!"

सगळे हसले. सरही हसले.

हणमंता माझा जिवलग मित्र, मनात काही ठेवून बोलणारा नव्हे. पण वसाहतीत हे बोलणं जुनं होतं. माझे वडील, आप्पा, गिरणीत टाइमकीपर. कामावरून आले की बाही सरसावून भाजी चिरायचे, आईचं शिवणकाम साचलं असेल त्या दिवशी भाकरी थापायचे. चाळीतल्या बायका कौतुक करायच्या आणि पुरुष त्यांना बाईलबुद्ध्या म्हणायचे. मला लहानपणापासून त्याची लाज वाटत आलेली.

आईही त्या वेळी हॉलमध्येच होती. केंद्रातल्या शिवणवर्गाची ती बाई. नाटकाचे पडदे आणि कपडे तिच्याकडं असायचे. खिडकीपाशी तिचं मशीन चाललं होतं. तिनं हे ऐकलं की नाही, कळलं नाही.

"चला, घ्या," सर म्हणाले.

"कुणाला विचारून गेलीस?" मी ओरडलो, आणि या खेपेला हात आवरला नाही.

आवाज भिंतीपर्यंत गेला. रोहिणी टेबलावर आदळली, टेबलावरचा तांब्या खाली पडून घरंगळत गेला. क्षणभर ती तशीच राहिली. मग गुडघ्यावर बसून तिनं माझे पाय धरले आणि वाक्य पुरं केलं. "मारा, पण पायाशी ठेवा." एक अक्षर चुकलं नाही.

पोरांनी शिट्ट्या घातल्या. सर उठून उभे राहिले. "हेच! हेच पाहिजे होतं मला!"

माझा तळहात झिणझिणत होता. आणि खरं सांगायचं तर छाती फुगली होती.

मग लक्षात आलं की मशीन थांबलंय.

आई उठून आली. डोक्यावरचा पदर सारखा केला, रोहिणीला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि सरांकडं वळली.

"सर, एक विचारू? तुम्ही ह्याच्या पुढचं कधी बघितलंय?"

"पुढचं म्हणजे?"

"मारल्यानंतरचं."

"अहो बाई, ते पिक्चरात…"

"पिक्चरात न्हवं. घरात."

आईनं मला खूण केली. "तू बस तिथं. मारून झालंय तुझं."

मी पाटावर बसलो. आई टेबलापाशी जाऊन उभी राहिली, गाल भिंतीकडं करून. ती रडली नाही, पडली नाही. पहिल्यांदा तिनं दाराकडं बघितलं. दार उघडं आहे का, बाहेरून कुणी पाहिलं का. मग हळूच जाऊन दार लोटलं. परत आली. जीभ गालाच्या आतून फिरवली, दात हलतो का बघितल्यासारखी. खाली वाकून तांब्या उचलला, सांडलेलं पाणी पदराच्या टोकानं पुसलं, तेही घाईघाईनं, मागं नजर ठेवून. मग माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली आणि रोजच्यासारख्या आवाजात म्हणाली, "वाढू का?"

एवढंच. हणमंताचं तोंड उघडं राहिलं होतं.

इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी बसलेली रोहिणी त्या "वाढू का"वर एकदम हुंदके देऊन रडायला लागली. आईनं तिला उठवलं आणि बरोबर घेऊन गेली. सरांनी सिगरेट पेटवली, न ओढताच विझवली, आणि तालीम संपली म्हणून सांगितलं.

मी मात्र घरी जाताना वेगळाच हिशेब मांडत होतो. आईनं जे केलं ते बघून केलेलं नव्हतं, अंगावर काढलेलं होतं. आणि आमच्या घरात माझ्याखेरीज पुरुष एकच. म्हणजे हा सगळा सोज्वळपणा, ही भाजी, या भाकऱ्या सगळं नंतरचं. माझ्या जन्माआधी किंवा मी पाळण्यात असताना या माणसानं आईला असं मारलं होतं.

आप्पा अंगणात गहू निवडत बसले होते.

"तुम्ही आईला मारायचात?" मी उभ्यानंच विचारलं.

त्यांचा हात सुपात थांबला. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तिनं करून दाखवलं. सगळ्यांसमोर."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तिनं दाखवलं?" त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, नवल होतं.

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या."

"उत्तर तिच्याकडं आहे," आप्पा म्हणाले. "तिला वाटलं तर ती देईल." आणि पुन्हा गहू निवडायला लागले.

पुढचे चार दिवस मी त्यांच्याशी कुत्र्यासारखा वागलो. ते जेवायला बसले की मी उठायचो. ते कपडे घड्या घालत होते तेव्हा मी म्हणालो, "आता कशाला ही सोंगं? लोकांना दाखवायला?" एकदा तर, "तुमच्यासारख्याचा मुलगा म्हणून माझाही हात उठला," असंही बोललो. आप्पांनी मान वर केली नाही. घडी मोडून पुन्हा घातली.

गुरुवारी आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"आप्पांशी का बोलत नाहीस?"

"कशाला बोलू? तुला मारलंय त्यांनी."

आई माझ्याकडं बघतच राहिली. मग धपकन खाली बसली. "देवा! हे काढलंस व्हय तू त्यातनं? आणि तू त्यांना बोललास?"

"बोललो."

"आणि ते गप बसले?"

"हो."

तिनं कपाळाला हात लावला, आणि कपाळाला हात लावलेला असतानाच हसली. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच होती. "बस," म्हणाली. "हे तुला कधीतरी सांगायचंच होतं."

आईचं आधी एक लग्न झालं होतं. सतराव्या वर्षी, नदीपलीकडच्या गावात. मला हे ठाऊकच नव्हतं.

"माणूस वाईट न्हाई असंच सगळी म्हणायची," आई सांगू लागली. "मागावरचं काम चोख. दारू न्हाई, बिडी न्हाई. पण मीठ कमी पडलं तरी मार आणि मी हसले तरी मार. दोनदा माहेरी आले. दोन्ही खेपांना तुझ्या आजोबांनी स्वतः नेऊन सोडलं. म्हणाले, बाईच्या जातीनं सोसावं, पुरुषाचा राग तव्यावरच्या पाण्यासारखा असतो. तिसऱ्यांदा मी माहेरी गेलेच न्हाई. मावशीकडं आले. तिथं शिवण शिकले. काडीमोड व्हायला दोन वर्षं लागली."

"आणि आप्पा?"

"मावशीच्या शेजारच्या खोलीत राहायचे. नवा सदरा घेऊन यायचे आणि म्हणायचे, बटणं तेवढी घट्ट करून द्या. बटणं घट्टच असायची." आईनं पदरानं नाक पुसलं. "पाट लावायचा म्हटल्यावर तुझ्या थोरल्या काकांनी सांगितलं, टाकलेली बाई आणलीस तर ह्या घराचा उंबरा तुला बंद. हे म्हणाले, बरं. परत गेले न्हाईत."

काकांकडं आमचं येणं-जाणं नव्हतं ते शेतावरून, असंच मी समजत आलो होतो.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी," आई म्हणाली, "मी चुलीपाशी बसले होते. ह्यांनी माझ्या डोक्यावरच्या फळीवरनं डबा काढायला हात वर केला. मी दोन्ही हात डोक्यावर धरून कोपऱ्यात गेले. ह्यांना आधी कळलंच न्हाई. कळलं तेव्हा डबा तिथंच ठेवला आणि बाहेर जाऊन बसले. तेव्हापासून हात वर करायच्या आधी सांगतात."

"डबा काढतोय," मी म्हणालो.

"डबा काढतोय. दिवा लावतोय. मागनं येतोय. सव्वीस वर्षं झाली. आता मी दचकत न्हाई, तरी सांगतात."

आम्ही भावंडं लहानपणी त्याची नक्कल करायचो. "पाणी पितोय हं! खोकतोय हं!" आप्पाही आमच्याबरोबर हसायचे.

मी बाहेर आलो. आप्पा दोरीवर आईची नऊवारी टाकत होते. मी ओल्या लुगड्याचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून पिळलं.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"तुझ्या आईनं इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं न्हाई, ते मी कसं सांगणार?"

"पण मी तुम्हाला काय काय बोललो."

आप्पांनी लुगडं झटकलं. थेंब माझ्या तोंडावर उडाले. "बोललास ते आईच्या बाजूनं बोललास," ते म्हणाले. "मला बरंच वाटलं."

संध्याकाळी मी रोहिणीच्या घरी गेलो. ती केंद्राच्या बालवाडीत शिकवायची, भाऊ-वहिनीजवळ राहायची. ती दारातच उभी राहिली. गालावर काही दिसत नव्हतं, पण ती उजवा कान माझ्याकडं करून ऐकत होती.

"चुकलो मी," मी म्हणालो. "माफ करा."

"तुम्हाला एक विचारते. मारल्यावर तुम्हाला बरं वाटलं ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

"हो," मी म्हणालो. "त्या वेळी वाटलं."

"नाही म्हणाला असतात तर नाटक सोडणार होते. आता येते. पण काकूंनी दाखवलं तसं करायचं असेल तरच. पाय धरणार नाही मी."

सरांना पटवावं लागलं नाही. शुक्रवारी ते स्वतःच वही घेऊन आमच्या घरी आले, ओट्यावर बसले. "बाई, ते लिहू का मी?" त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "लिहा. नाव मात्र घालू नका." सर बराच वेळ वहीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "मी सतरा नाटकं लिहिली. सतराच्या सतरा घरांत मारल्यानंतर पडदा पाडलाय."

सांगलीला दुपारी तीनचा प्रयोग होता. थप्पड आम्ही अंधारात घेतली. नुसता आवाज. हणमंतानं टाळी एकदाच वाजवली, पण अगदी वेळेवर. मग उजेड आला आणि रोहिणी दाराकडं बघत उभी. पुढची दोन मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. कुणीतरी "आवाज!" म्हणून ओरडलं. मग तेही थांबलं. "वाढू का?" वर पडदा पडला तेव्हा टाळी आलीच नाही.

बक्षीसही आलं नाही. परीक्षकांच्या अभिप्रायात लिहून आलं, "नायिका दुःखाच्या प्रसंगी रडत नसल्याने प्रेक्षकांशी समरस होत नाही." सरांनी तो कागद वर्गातल्या फळ्याशेजारी टाचून ठेवला होता, निवृत्त होईपर्यंत.

आई-आप्पा प्रयोगाला आले होते, सहाव्या रांगेत. परत येताना ट्रकमध्ये सामानावर बसून मी आप्पांना विचारलं, "कसं झालं?"

"मी कुठं बघितलं? मी हिच्याकडं बघत होतो."

"मग? काय म्हणाली ती?"

"म्हणाली, पोरीच्या झंपराची बाही सैल झालीय, शनिवारी घट्ट करायला पाहिजे."

आई ट्रकच्या फळीला टेकून शेंगा सोलत होती. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "होतीच सैल."

वर्षभरात माझ्या मनात रोहिणीबद्दल जे आलं ते वसाहतीला माझ्या आधी कळलं असावं. हणमंता उघड चिडवायचा. सरही म्हणाले, जोडी चांगली दिसेल. तिच्या भावाचीही ना नव्हती. एके दिवशी बालवाडी सुटल्यावर मी गेलो आणि सरळ विचारलं.

ती मुलांच्या पाट्या गोळा करत होती. सगळ्या रचून झाल्यावर समोर येऊन बसली.

"तुम्ही बदललात, ते दिसतंय मला," ती म्हणाली. "तुमच्या घरी येणाऱ्या बाईचं चांगलंच होईल. पण मी नको."

"मी पुन्हा कधी…"

"माहीत आहे. हात वर करण्याआधी सांगाल, आप्पांसारखं. काकूंनी सांगितलंय मला. पण काकूंना मार एकाचा आणि औषध दुसऱ्याचं मिळालं. दोन्ही एकाच हातचं मी कसं घेऊ?" आणि मग ती थोडी हसली. "शिवाय बाकीचे म्हणतील, बघा, पिक्चरात होतं तस्संच झालं. ते मला चालायचं नाही."

मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलं तिनं."

"मला वाईट वाटतंय आप्पा."

"ते वाटणारच. मलाही वाटतंय. सून म्हणून मला आवडली असती ती. तरी बरं केलं तिनं."

रोहिणीनं पुढं कोल्हापूरच्या एका शिक्षकाशी लग्न केलं. तिथं तिनं बायकांचं नाट्यमंडळ काढलं, ते आजही चालतं. आमची भेट होते. डाव्या कानानं तिला आता ऐकू कमी येतं. त्याचं कारण वय आहे, असं ती सांगते.

मी एकोणतिसाव्या वर्षी कागलजवळच्या एका गावी मुलगी बघायला गेलो. सुलभा तिचं नाव, आरोग्यकेंद्रात नर्स. पोहे झाले, प्रश्न झाले, मग मोठी माणसं आपसात बोलायला लागली आणि आम्हा दोघांना मागच्या पडवीत बसवलं. तिनं विचारलं, माझ्याबद्दल काही विचारायचंय का. मी म्हणालो, विचारायचं नाही, सांगायचं आहे. आणि थपडेपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. मला बरं वाटलं होतं, तेसुद्धा.

तिनं मधे एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर म्हणाली, "आणि तुम्ही मागणी घातल्यावर त्या काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या."

"शहाण्या आहेत," सुलभा म्हणाली, आणि पोह्यांच्या बश्या उचलून आत गेली.

आता काही खरं नाही, असं समजून मी गावाकडं आलो. तिसऱ्या दिवशी तिचं पत्र आलं. वडिलांच्या अक्षरातलं नव्हे, तिच्या स्वतःच्या. चारच ओळी होत्या, आणि त्यात होकार होता.